बऱ्या दिवसांचं औषध

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपती आटोपले आणि मी लेकीकडे नाशिकला गेले. रात्री दुधाचं पातेलं ठेवायला फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात नुसत्या औषधाच्या बाटल्या. खोकल्याची सिरपं, कफ पातळ करायची, सर्दी सुकवायची, तीन वेगवेगळी अँटिबायोटिक. मोजल्या, तर नऊ भरल्या. एकही संपलेली नव्हती.

नातू तेव्हा अडीच वर्षांचा होता. जूनपासून त्याची छाती भरण्याची ती चौथी खेप. दर वेळी तोच क्रम असायचा. पहिल्या दिवशी नाक वाहायचं, दुसऱ्या रात्री खोकला, तिसऱ्या रात्री घरघर. मग पोट उडायला लागायचं, बरगड्यांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत खेचली जायची, आणि पहाटे त्याला पांघरुणात गुंडाळून दवाखाना गाठायचा. तिथे मशीनवर वाफ, चार दिवसांचं तोंडावाटे स्टेरॉइड, सोबत अँटिबायोटिक. आठवड्याभरात पोरगं घरभर धावायला लागायचं आणि आम्ही सगळे म्हणायचो, सुटलं एकदाचं.

चौथ्या खेपेला लेकीने दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले, जावयांच्या लहानपणीच्या दम्याबद्दल, नातवाच्या कोपरांच्या खोबणीतल्या इसबाबद्दल, तो हसताना-पळताना खोकतो का याबद्दल. मग म्हणाले, "याला रोजचा पंप सुरू करू या. बरा असतानाही द्यायचा." लेक काही बोलायच्या आत मी बोलले, "डॉक्टर, एवढ्याशा लेकराला पंप? अन् तोही बरं असताना? सवय लागेल त्याला."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तरी तोंडून हेच वाक्य आलं. घरी परतताना लेक गप्प होती, आणि त्या गप्पपणाने मला वाचायला बसवलं. दोन वर्षांत जे वाचलं, विचारलं आणि घरात पाहिलं त्यावरून माझं मत बनलं आहे. आपल्याकडे लहान मुलांच्या दम्यात औषध कमी पडत नाही, औषधांचा तर मारा होतो. चुकतो तो दिवस. मूल गुदमरतं तेव्हा आपण जिवाचं रान करतो आणि ते हसायला लागलं की औषध फडताळात जातं. बऱ्या दिवशी काही करायचं असतं हेच आपल्याला पटत नाही.

त्या दिवशी बरं दिसणाऱ्या मुलाच्या छातीत काय चाललेलं असतं, ते आधी सांगते. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. ती धुमसत राहते, लक्षणं नसतानाही. सर्दीचा विषाणू आला, थंड हवा लागली, धूर गेला की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर फुगतं, चिकट कफ साठतो. अडीच वर्षांच्या मुलाच्या नळ्या मुळात बारीक. नळीची त्रिज्या निम्मी झाली की वाहत्या हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, जवळपास सोळापट होतो. हे गणित मी फळ्यावर कितीदा मांडलं असेल! ते नातवाच्या बरगड्यांवर दिसत होतं तेव्हा मात्र ओळखलं नाही.

म्हणून औषधं दोन प्रकारची. साल्ब्युटामॉलसारखं आराम देणारं औषध आवळलेले स्नायू सैल करतं, मिनिटांत उतार पडतो. दुसरं प्रतिबंधक, म्हणजे श्वासातून घ्यायचं अगदी थोडं स्टेरॉइड, बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. ते सूज शमवतं, पण त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. दिलं आणि खोकला थांबला असं कधी दिसत नाही. त्याचं यश म्हणजे न आलेली रात्र, आणि न आलेली रात्र कुणाला दिसत नाही. या औषधाची सगळी अडचण इथे आहे. ज्याचा गुण दिसतो त्यावर आपला विश्वास बसतो, म्हणून आराम देणारा पंप घरोघर पोचतो आणि प्रतिबंधक औषध पंधरा दिवसांत बंद पडतं.

धडधाकट मुलाला औषध कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी आता एक उलटा प्रश्न विचारते. बाळगुटी कशासाठी देत होतो? सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, एकेकाचे मोजून वेढे उगाळायचे, आईच्या दुधात कालवून चाटवायचं. हे रोज करायचं, बाळ अगदी खुशाल असताना. बाळ रडायला लागल्यावर सहाण शोधायला कुणी जात नसे. गुटीतल्या वनस्पतींचा उपयोग किती, हा वाद इथे नको. मला दिसते ती सवय. बऱ्या दिवशी, ठरल्या वेळी, मोजून औषध द्यायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पोलिओचे थेंबही आपण खेळत्या मुलालाच पाजले आणि देश पोलिओमुक्त झाला.

हैदराबादला मृग नक्षत्र लागलं की बथिनी कुटुंब दम्यासाठी माशाचं औषध वाटतं. जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात पिवळसर लगदा भरतात आणि ते पिल्लू गिळायचं. महाराष्ट्रातूनही माणसं जातात, लहान मुलांना घेऊन जातात. त्या औषधाने दमा जातो याला पुरावा नाही आणि लहान मुलाच्या घशात जिवंत मासा घालणं मला धोक्याचंच वाटतं. पण त्या रांगेत उभी असलेली माणसं अडाणी आहेत असं म्हणून सोडून देता येत नाही. पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, झटका आलेला नसताना, रात्रभर प्रवास करून ती प्रतिबंधक औषध घ्यायला आलेली असतात. म्हणजे बऱ्या दिवशी औषध घ्यायची तयारी आपल्या लोकांत आहे. जे औषध खरोखर काम करतं त्याच्यापर्यंत ती वळवायची कशी, हा प्रश्न आहे.

मधे उभा राहतो तो 'स्टेरॉइड' हा शब्द. या शब्दाची भीती निराधार नाही, तिला इतिहास आहे. १९५०च्या दशकात दम्याला तोंडावाटे स्टेरॉइड मिळू लागली तेव्हा मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. पण तीच गोळी महिनोन् महिने घेणाऱ्या मुलांचे चेहरे सुजून गोल झाले, उंची खुंटली, हाडं ठिसूळ झाली. ते ज्यांनी पाहिलं त्यांनी 'स्टेरॉइड नको' म्हटलं, ते रास्तच होतं. त्यानंतरचा अर्धा इतिहास मात्र आपल्यापर्यंत पोचला नाही. १९५६ साली अमेरिकेत दाबून फवारा सोडणारा पंप बाजारात आला. एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही, असं वडिलांना विचारलं आणि त्यातून तो घडला, असं सांगतात. मग १९७२ साली इंग्लंडमध्ये डर्बीच्या डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनी बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड श्वासातून देऊन पाहिलं आणि गोळ्यांवर जगणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या गोळ्या सुटल्या. गोळ्यांचे हाल टळावेत म्हणूनच स्टेरॉइडचा हा पंप आला, आणि त्याच हालांच्या भीतीने आपण तो नाकारतो.

डॉक्टरांकडून परतलो त्या रात्री मी एक हिशेब मांडला. नातवाचं वजन बारा किलो. तोंडावाटे द्यायचं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, किलोला रोज १ मिलिग्रॅम धरलं तर चार दिवसांचे ४८ मिलिग्रॅम होतात. जूनपासून चार खेपा, म्हणजे १९२ मिलिग्रॅम. प्रतिबंधक पंपातून त्याला द्यायचं होतं दिवसाला २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड, म्हणजे अख्ख्या वर्षाचे ७३ मिलिग्रॅम. दोन्ही औषधं एका तराजूत घालणं काटेकोर नाही, कारण बुडेसोनाइड वजनाला वजन अधिक तेज असतं. पण त्यातलं जे पोटात जातं त्यातलं बहुतेक यकृतातच निकामी होतं, आणि फुप्फुसाला हवं ते थेट फुप्फुसात पोचतं. 'स्टेरॉइड नको' म्हणून पंप टाळणाऱ्या आमच्या घराने चार महिन्यांत लेकराला तोंडावाटे केवढं स्टेरॉइड पाजलं होतं, हे वहीत उतरलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या चार वेळी ते देणं चूक होतं असं मी म्हणत नाही. ती वेळ चारदा यायला नको होती.

पंपाचा काहीच तोटा नाही असं सांगणारे लोकांचा विश्वास घालवतात. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो, म्हणून औषधानंतर चूळ भरायची, लहानग्याला पाणी पाजायचं, मास्कखालचा चेहरा पुसायचा. उंचीचा प्रश्नही खरा आहे. अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या १०४१ मुलांचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाने चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेतलं. ती मुलं मोठी झाल्यावर २०१२ साली त्यांची उंची प्रसिद्ध झाली, तेव्हा ती बिनऔषधाच्या गटापेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. आईबापांना हा आकडा सांगायला हवा. त्याच्याच शेजारी, रात्रभर न झोपणारं, न जेवणारं, पळालं की धापणारं मूल किती वाढतं, हेही सांगायला हवं. शक्य तितका कमी डोस, आणि दर भेटीला भिंतीपाशी उभं करून उंचीची नोंद, एवढं पाळलं तर मी त्या सेंटिमीटरला घाबरत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. प्रत्येक घरघर म्हणजे दमा नव्हे. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात १९८०पासून जन्मलेल्या हजारावर बाळांवर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या तीन वर्षांत साधारण एक तृतीयांश मुलांची छाती कधी ना कधी वाजली, आणि त्यांच्यापैकी साठ टक्क्यांची सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबली. 'मोठा झाला की जाईल' हे आपल्या म्हाताऱ्यांचं बोलणं म्हणजे निव्वळ दिलासा नाही, त्यात निरीक्षण आहे. वर्षाच्या आतल्या बाळाची पहिली घरघर तर बहुधा विषाणूने सुजलेल्या अगदी बारीक नळ्यांची असते. तिथे स्टेरॉइडचा उपयोग नाही. बाळाला नीट पाजणं, नाक मोकळं ठेवणं, गरज पडली तर ऑक्सिजन, एवढंच करायचं. अशा बाळाला कुणी सहा महिन्यांचा रोजचा पंप लिहून देत असेल तर का, हे विचारायलाच हवं.

मग उरलेल्या चाळीस टक्क्यांतलं मूल ओळखायचं कसं? दीड-दोन वर्षांच्या मुलाला यंत्रात जोराने फुंक मारायला सांगता येत नाही, त्यामुळे मोठ्यांची तपासणी इथे चालत नाही. उरतात खुणा. आईला किंवा वडिलांना दमा, अंगावर इसब, सर्दी नसतानाही वाजणारी छाती, हसण्या-रडण्यात लागणारी ढास, वर्षात तीन किंवा अधिक खेपा. खुणा जुळल्या तर डॉक्टर दोन-तीन महिने रोजचं औषध देऊन पाहतात. फरक पडला तर दमा असावा. नाही पडला तर आधी देण्याची पद्धत तपासायची, मग निदान, आणि तरीही उपयोग दिसला नाही तर बंद करायचं. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. तिच्यात तारीख असते, आणि औषध कधी थांबवायचं हे सुरू करतानाच ठरलेलं असतं. आमच्या डॉक्टरांनी कागदावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली तेव्हा माझ्या 'सवय लागेल' या भीतीतली निम्मी तिथेच गळली.

आणखी एक कडू गोष्ट. हे औषध दमा मुळापासून घालवत नाही. २००६ साली अमेरिकेतलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दम्याचा धोका जास्त असलेली दोन-तीन वर्षांची २८५ मुलं, निम्म्यांना दोन वर्षं रोज फ्लुटिकासोन, मग तिसऱ्या वर्षी सगळ्यांचं बंद. औषध चालू होतं तोवर त्रास स्पष्ट कमी होता, बंद झाल्यावर दोन्ही गट सारखे. लवकर सुरू केलं म्हणजे पुढचा दमा टळेल ही आशा त्या अभ्यासाने मोडली. काहीजण यावरून 'मग द्यायचंच कशाला' म्हणतात. मला ते पटत नाही. छत्रीने पाऊस थांबत नाही म्हणून कुणी तिच्याशिवाय लेकराला पावसात पाठवत नाही. अडीच ते साडेचार ही वर्षं बोलायला शिकण्याची, पडायची, झोपायची, वाढायची असतात. ती दवाखान्याबाहेर गेली तर तेवढा लाभ मला पुरेसा आहे.

पण सगळ्यांत आधी आजाराचं नाव घ्यावं लागतं. आपल्याकडे तिथेच घोडं अडतं. 'ॲलर्जीचा खोकला', 'छाती नाजूक आहे', 'ॲलर्जिक ब्राँकायटिस', अशी नावं फिरत राहतात. डॉक्टर दमा म्हणत नाहीत, कारण आईबाप दुसरा डॉक्टर गाठतात. मुलगी असेल तर पुढे लग्नात अडचण येईल म्हणून कागदावरही तो शब्द नको असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांचा सहभाग होता. छाती वाजत असलेल्यांपैकी ८२ टक्क्यांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं, आणि रोज श्वासातून स्टेरॉइड घेणारे अडीच टक्क्यांहून कमी होते. जगातले साधारण १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणारे ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. नाव टाळल्याने आजार टळत नाही, उपचार मात्र टळतो.

पंपाला घाबरणारं घर सिरपला घाबरत नाही, हेही मला आता खुपतं. गोड चव, चमच्याने पाजायचं, म्हणजे सौम्य, अशी आपली समजूत. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायनाने दूषित झालेल्या खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. मोंटेलुकास्ट या दमा-ॲलर्जीवरच्या औषधाचं गोड सिरप साध्या सर्दीलाही सर्रास लिहिलं जातं. काही मुलांना त्याने वाईट स्वप्नं पडतात, झोप उडते, स्वभाव चिडचिडा होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काही मुलांना ते औषध लागतं, पण ते देताना ही गोष्ट किती आयांना सांगितली जाते?

धुराचंही औषधाइतकंच मनावर घ्यायला हवं. न्हाऊ घातलेल्या बाळाला शेगडीवर ओवा, ऊद, वेखंड टाकून धुरी देण्याची आपली रीत मायेची आहे, मीही लेकीला तशीच वाढवली. पण वाजणाऱ्या छातीला तो धूरच. डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण खोलीत सोडते, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावावी.

आता पंप द्यायचा कसा ते सांगते, कारण निम्मं अपयश तिथे होतं. लहान मुलाला पंप नुसता तोंडात धरून चालत नाही. मधे प्लास्टिकची पोकळ नळी, स्पेसर, आणि पुढे नाका-तोंडावर बसणारा मास्क हवा. पंप हलवायचा, मास्क गालांवर घट्ट टेकवायचा, एकच फवारा दाबायचा आणि मुलाला पाच ते दहा साधे श्वास घेऊ द्यायचे. मास्क सैल राहिला तर औषध खोलीत जातं. मूल रडत असेल तर फुप्फुसात फारसं पोचत नाही, म्हणून धरून-बांधून देण्यात अर्थ नाही. पहिले चार दिवस नातवाने मास्क भिरकावला. पाचव्या दिवशी लेकीने तो आधी त्याच्या कापडी हत्तीला लावला, मग माझ्या तोंडावर, आणि मी मोठ्याने 'एक, दोन' मोजायला लागले. माझे दहा झाल्यावर त्याने स्वतःहून तोंड पुढे केलं. दर आठवड्याला स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतींना चिकटतं.

स्पेसर विकत घेणं जमत नसेल तरी अडत नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या मापाचं भोक पाडून, कडा सीलबंद करून मुलांना औषध दिलं, आणि ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही बाटली बनवून दाखवायला कुणाची परवानगी लागू नये.

शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. शोधायच्या आजारांच्या त्याच्या यादीत मुलांच्या श्वासनळ्यांचा हा आजार पहिल्यापासून आहे. बुडेसोनाइड देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कागद दोन्हीकडे तयार आहेत. मेळघाटात, नंदुरबारमध्ये, मराठवाड्याच्या तांड्यांवर मूल वर्षात तिसऱ्यांदा धापत आलं, तर त्याला वाफ देऊन परत पाठवू नये. रोजचा पंप, स्पेसर आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच्या आईच्या हातात पडावी. शासनाकडे माझं एवढंच मागणं आहे.

आणि माझ्या वयाच्या बायकांना एक विनंती. घरात पंपाला नाही म्हणणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा आपणच असतो, आणि सून किंवा लेक आपल्या शब्दाखातर गप्प बसते. वर्षात तीनदा छाती भरणारं लेकरू घरात असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, हा दमा आहे का, रोजचं औषध लागेल का, आणि ते किती महिन्यांनी थांबवून पाहायचं? उत्तर 'हो' आलं तर संध्याकाळी दिवेलागणीला ती मास्क धरून बसेल, तेव्हा तिच्या शेजारी बसा आणि दहापर्यंत मोजा.